घेवडा भाजण्याची घरगुती रीत

टक्.

दुपारच्या सामसुमीत एवढाच आवाज झाला आणि शेंग पहिल्या परीक्षेत पास झाली. मोडताना वाजते ती ताजी, ती भाजायची. नुसतीच वाकते ती भाजीत जाते. घर म्हटलं की शिस्त हवी, आणि कुणीतरी चुलीपाशी बसून राहिल्याशिवाय शिस्त टिकत नाही. या घरात तिथं शालूबाई बसते.

भाजायची जाळी तिच्या नवऱ्यानं, परशरामनं, मोडक्या सळ्यांची करून आणली. तो उद्यमबागेत फाऊंड्रीत, लोखंड ओतायच्या कारखान्यात आहे, त्यामुळे विस्तवातलं त्यालाच कळतं, असं घरात एकमतानं ठरलेलं आहे. निखारा लालभडक असतानाच शेंग टाकायची, हा त्याचा नियम. शालूबाईच्या माहेरी, येळ्ळूरला, निखाऱ्यावर राख धरेपर्यंत थांबतात. पण येळ्ळूरात फाऊंड्री नाही, तेव्हा हे मत विचारात घेण्यात आलेलं नाही. पहिली खेप दर वेळी करपते. (लोखंड करपत नाही, त्यामुळे नियमात दोष सापडलेला नाही.)

वाटपाचा क्रमही पक्का आहे. पहिली शेंग देवाला. मग सासरे मारुतीराव, मग परशराम, मग पाच वर्षांची लेक तानी. सासूबाई गुणाबाई "मला नको गं" म्हणून चार घेतात. करपलेल्या सगळ्या भाजणारीच्या. सात वर्षांत शालूबाईनं अदमासे पाच हजार शेंगा भाजल्या. चांगली आणि गरम अशी तिच्या तोंडी गेली एक, तीही भुईवर पडली होती म्हणून. खाणाऱ्यानं तक्रार केली नाही की आवड सिद्ध होते. शालूला करपलेलीच आवडते, हे आता सगळ्या गल्लीला ठाऊक आहे.

आज तिचा भाऊ कल्लाप्पा सकाळी शेतातल्या घेवड्याचा पहिला तोडा देऊन गेला. परशराम कामावर, गुणाबाई वडगावला लेकीकडे, मारुतीराव आत घोरत होते, तानीही निजलेली. अशी दुपार वर्षातनं एखादी. शालूबाईनं मोजक्या अकरा शेंगा घेतल्या, तेलमिठाचा हात लावला आणि राख धरेपर्यंत थांबली. शेंगा हिरव्याच राहिल्या, अंगावर नुसते तांबूस ठिपके आले. अगदी येळ्ळूरच्या. तिनं एक उचलली, फुंकर घातली.

आतलं घोरणं थांबलं.

"शालू, वास कसला गं?"

"घेवडा भाजलाय मामंजी."

"मग आण की. परशाला चार ठेव. देवाला ठेवलीस न्हवं?"

"ठेवते."

तिनं फुंकर घातलेली शेंग परत ताटलीत ठेवली. देवाला एक, मामंजींना चार, परशरामला चार. डोळे चोळत आलेल्या तानीला दोन. झाल्या अकरा. करपलेली एकही नव्हती, त्यामुळे नियमानुसार शालूबाईच्या वाट्याला काही निघत नव्हतं.

तानीनं ताटलीत बघितलं, मग आईकडं.

"तुझी कुठं हाय?"

"आज करपलीच न्हाय बघ."

"थांब की मग." तानीनं आपल्यातली एक जाळीवर ठेवली, गाल फुगवून निखाऱ्यावर फुंकर मारली, आणि शेंग पुरती काळी होईतो जागची हलली नाही. मग चिमट्यानं उचलून आईपुढं धरली. "घे. तुला आवडती तसली."

शालूबाईनं खाल्ली. गरम होती, हे नमूद केलं पाहिजे. "लई झ्याक झालीया," म्हणाली.

(एवढ्यावर ज्यांना हसू आलं असेल, त्यांनी आपल्या घरी करपलेलं कुणाला आवडतं, ते जरा आठवून बघावं.)

तानी आपली हिरवी शेंग दातांनी टक् करून मोडत विचारात पडली.

"आई, मला कधीपास्नं आवडाय लागंल गं करपलेलं?"