पारड्याखालचा रुपया

पनवेलच्या मासळीबाजारात उदयसिंहांनी मासळीवाल्या मैनाचा तराजू उलटा केला, तो चोरी पकडायला. मासळीच्या पारड्याखाली तारेनं बांधलेला जुना रुपया निघाला. म्हणजे प्रत्येक वजनात गिऱ्हाइकाची रुपयाभार मासळी कमी, असं ते अख्ख्या रांगेला ऐकवू लागले.

मग त्यांनी चष्मा वर केला. रुपयाच्या कडेचा अर्धगोल तुकडाच नव्हता. कुणी चावून खाल्ल्यासारखा.

आवाज एकदम मधाळ झाला. निवृत्त झाल्यापासून हाती आलेलं प्रत्येक सुटं नाणं ते भिंगाखाली धरत होते. टाकसाळीत चुकलेलं, शौकीन लाखांना घेतात असं एक सापडलं, की बायकोच्या, आशालताबाईंच्या, दहा वर्षांच्या टोमण्यांना उत्तर मिळणार होतं. बाई शेजारीच पिशवी धरून उभ्या होत्या.

उदयसिंहांनी मैनाला दहा रुपये देऊ केले. मग पाचशे. मग दोन हजार.

"तो इकायचा नाय, दादा," म्हणून ती दुसऱ्याची सुरमई कापायला वळली. तेवढ्यात उदयसिंहांनी तार सोडवली, फोटो काढला आणि नवीन पनवेलच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकला: पंधरा लाख! चोर पकडायला आलेला माणूस लाखाच्या वासानं असा चोर होतो. पेन्शन आणि पदवी आड येत नाही.

मैनानं कोयता खाली ठेवला नाही. "पयला रुपया ठेव. मग बोल."

भांडण मिटेना, तेव्हा समोरच्या गल्लीत जुनी नाणी विकणाऱ्या दिनानाथला बोलावलं. त्यानं भिंग लावलं.

"टाकसाळीत चुकलं असतं तर चाव्यासमोरची कड पुसट आली असती," तो म्हणाला. "ही ठणठणीत आहे. आणि या रेघा कानशीच्या. हे हातानं कापलंय. दुकानदार दोन केळीसुद्धा देणार नाही."

"माज्या सासऱ्यानी कापलाय," मैना म्हणाली. मासळीचं पारडं मुळात हलकं. अख्खा रुपया बांधला तर जड व्हायचं, आठ आणे बांधले तर कमी पडायचं. सासरा काशिराम तीन दिवस गोल कानस घेऊन बसला होता. दोन वेळा घासायचं, बांधायचं, बघायचं. "गिऱ्हाइकाचा तोटा नको, आपला बी नको, बोलायचा."

दिनानाथनं रुपया स्वतः पुन्हा बांधला. रिकामी पारडी झुलली आणि एका रेषेत थांबली. मैनानं बोटाला चिकटलेलं सुरमईचं कल्ल्याजवळचं एक खवलं मासळीच्या पारड्यात सोडलं. पारडं किंचित खाली गेलं. तिनं ते उचललं. पारडं वर येऊ लागलं.

बर्फाचं पाणी ठिबकत होतं तेवढंच.

उदयसिंह वाकून तराजूच्या काट्याला नाक लावायच्या बेतात होते. ग्रुपवर अभिनंदनांचा पाऊस पडत होता, फोन खिशात थरथरत होता.

"मग, किती लाख?" आशालताबाईंनी विचारलं.

"हळू बोल गं," ते कुजबुजले. "काटा हलेल."