गुरुजींचा गव्हाचा तपास

आमचे शेजारी गावित गुरुजी लग्नाला गेले की नवरा-नवरीच्या आधी आचाऱ्याला भेटतात. वरणाच्या पातेल्यात डोकावून विचारतात, "हिंग कुठला?" हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, हे जव्हारच्या आचाऱ्यांना त्यांच्यामुळेच कळलं. एकाने वैतागून त्यांच्या हातात पळीच दिली, तर यांनी ती हुंगून पाहिली.

शाळेतून निवृत्त झाले तरी "पुरावा काय?" हे त्यांचं पालुपद सुटलेलं नाही. आणि हा सगळा खटाटोप काकूंसाठी. काकूंना सिलिअ‍ॅक आहे, म्हणजे गहू पोटात गेला की आतड्यांना इजा होते. सूर्यमाळच्या पाड्यावर वाढलेल्या काकू लग्नापर्यंत नागलीची भाकर आणि भातच खायच्या. गुरुजींना नोकरी लागली तशी घरात चपाती आली. चपातीचं घर म्हणजे सुधारलेलं घर, असं तेव्हा सगळ्यांनाच वाटायचं.

निदानासाठी नाशिकला घशातून नळी घातली, तिची काकूंनी धास्तीच घेतली. नळीचा विषय निघाला की त्यांचा हात आपोआप गळ्याकडे जाई. डॉक्टर म्हणाले होते की गहू बंद करा, रक्तातला दोष हळूहळू उतरेल, आपण नुसतं रक्त तपासत राहू. पण रक्त काही सुधारेना. पुढचा रिपोर्टही तसाच आला तर पुन्हा नळी घालावी लागेल, असं त्यांनी बजावलं.

मग गुरुजींनी कंबर कसली. सकाळी उजेडात काकूंची जीभ, नखं, डोळ्यांची आतली बाजू तपासायची. बियाण्यांच्या दुकानातल्या काट्यावर त्यांना उभं करायचं. "पोट कसं साफ झालं?" हे ते ओट्यावरून एवढ्या खणखणीत आवाजात विचारत की उत्तर सगळ्या आळीला कळे. आधीच्या गव्हाचं पीठ नको म्हणून गिरणी धुवून काढा, असा त्यांचा आग्रह. शेवटी त्यांनी घरी जातं आणलं आणि स्वतः दळायला बसले.

लघवीतूनही गहू पकडणारी पट्टी निघाली आहे, असं डॉक्टर बोलता बोलता बोलून गेले. गुरुजी तडक औषधाच्या दुकानात. दुकानदाराकडे लघवीची एकच पट्टी होती, ती त्याने दिली. काकूंनी पाकिटावरचं बाळाचं चित्र पाहिलं आणि दोन दिवस त्यांच्याशी अबोला धरला. आमच्याकडे मात्र हसून हसून सांगितलं.

एका दुपारी मी त्यांच्याकडे बसले होते. खोडाळ्याच्या बाजारातल्या मसाल्यात भेसळ कशी असते, यावर गुरुजींचं व्याख्यान चाललं होतं. बोलता बोलता त्यांनी खारी चहात बुडवून खाल्ली. दुसरी बुडवली, ती निम्मी चहातच पडली. मग त्याच कपातला अर्धा चहा त्यांनी बशीत ओतून काकूंपुढे सरकवला. त्यांचा हा रोजचा रिवाज.

मी म्हटलं, "गुरुजी, खारी मैद्याची असते ना?"

गुरुजींनी बशीकडे पाहिलं. पुरावा त्यांनी मागितला नाही. बशी उचलली, चहा मोरीत ओतला आणि तिथेच पाठमोरे उभे राहिले. खारीचा डबा त्याच संध्याकाळी आमच्या घरी आला.

काही महिन्यांनी रिपोर्ट आला. दोष बराच उतरला होता, नळीची गरज उरली नव्हती. गुरुजी आळीभर सांगत सुटले. मी काकूंजवळ बसले होते. विचारलं, इतके दिवस तुमच्या कसं लक्षात आलं नाही?

काकूंनी ओट्याकडे नजर टाकली, गुरुजी लांब आहेत हे पाहिलं.

"आलं व्हतं, बाई," त्या हळूच म्हणाल्या. "नळीचं भ्याव वाटं. पन बोलले असते त त्यांनी माला येगळा कप दिला असता."