बारा हजारांचं खोकं

बाबांचा फोन रंगाच्या डब्यात पडला, तेव्हा ते खिडकीच्या चौकटीला रंग देता देता बहिणीशी बोलत होते. फोन काढला, पुसला, उन्हात ठेवला. पण तो जो पांढराफटक पडला तो पुन्हा काही उठला नाही.

"शांतपणे गेला," बाबा म्हणाले. "फार हाल झाले नाहीत."

चिमणीने तोंडदेखलं वाईट वाटून घेतलं. चिमणी म्हणजे बाबांची लेक. वय छत्तीस, डोळ्यांवर जाड चष्मा, दिवसभर दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवण्याची नोकरी. पण लहानपणी पडलेलं नाव असं नोकरी बघून सुटत नाही. तो फोन एकदाचा जावा म्हणून ती वर्षभर टपून बसली होती. कारण होतं आत्या.

आत्या ही बाबांची थोरली बहीण. नवव्या वर्षी तापात तिचे कान गेले, तेव्हापासून ती समोरच्याचे ओठ बघून बोलणं समजून घ्यायची. स्वतः मात्र खणखणीत बोलायची, कारण आपला आवाज कुठवर पोचतोय हे तिला कळायला मार्ग नव्हता. ती राहायची अकरा तासांच्या प्रवासावर. रोज संध्याकाळी बहीणभाऊ व्हिडिओवर भेटायचे, पण जुन्या फोनात बाबांचं तोंड ओल आलेल्या भिंतीवरच्या डागासारखं दिसायचं. "काय म्हणालास? परत सांग!" आत्या ओरडायची. बाबा परत सांगायचे. डाग परत हलायचा. एकदा बाबा म्हणाले, "पंखा पडला." आत्याला दिसलं, "मामा पडला." तिने बिचाऱ्या मामाच्या चौकशीचे निरोप अख्ख्या नात्यात धाडले होते.

तेव्हा नवा फोन घ्यायचा तर कॅमेरा चांगला हवा, हे चिमणीने मनाशी पक्कं केलं होतं. बाबांनीही एक गोष्ट मनाशी पक्की केली होती, ती म्हणजे बारा हजारांच्या वर एक पैसा नाही.

दुकानातल्या विक्रेत्याने एकाच कंपनीचे दोन फोन काचेवर मांडले. "हा बारा हजारांचा, साधा. आणि हा बेचाळीसचा. हा जवळजवळ फ्लॅगशिप आहे बघा."

"जवळजवळ म्हणजे?" बाबांनी विचारलं.

"म्हणजे अगदी वरचा नाही, पण त्याच्या जवळ जाणारा."

बाबांनी एकतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. ते म्हणाले, "लिफ्ट जवळजवळ मजल्यावर थांबली, तर माणसाने पाय कुठे ठेवायचा?"

विक्रेत्याने बेचाळीसवाला जरा मागे सरकवला. चिमणी म्हणाली, "बाबा, आत्याला तुमचं तोंड नीट दिसायला हवं ना!"

"अडुसष्ट वर्षं बघतेय ती माझं तोंड. त्यात नवं काही निघायचं नाही. बारावाला द्या हो."

बाबा बाहेर जाऊन बाकावर बसले. चिमणीने गल्ल्यापाशी वाकून विक्रेत्याला सांगितलं, "बेचाळीसवाला द्या. पण खोकं बाराच्या फोनचं. आणि वर जाड रबरी कव्हर घाला, पाठ दिसता कामा नये."

विक्रेता तिच्याकडे बघतच राहिला. "मॅडम, याच्या उलटं करणारे रोज येतात. हे मात्र पहिल्यांदाच पाहतोय."

त्या संध्याकाळी बाबांनी फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला आणि आत्याला लावला. पलीकडून इतकी मोठी आरोळी आली की खालच्या मजल्यावरच्या मास्तरांनी खिडकी उघडून वर पाहिलं.

"अरे, तुझी दाढी दिसतेय मला! हनुवटीखाली राहिलीय बघ करायची!"

बाबांनी हनुवटी चाचपली. राहिली होती. मग दोघं तासभर बोलली. आत्याने एकदाही "परत सांग" म्हटलं नाही. मागे स्वयंपाकघरात चिमणी तिच्या लॅबमधल्या मैत्रिणीला फोनवर सगळा पराक्रम सांगत होती, तोही इतक्या हळू आवाजात की पाच पावलांवर बसलेल्या बाबांच्या कानावर अक्षरही जाऊ नये. गेलंही नाही.

खरी पंचाईत दुसऱ्या दिवसापासून सुरू झाली. फोन बारा हजारांचा म्हटल्यावर बाबा तो बारा हजारांच्या फोनसारखाच वापरणार! बेसिनखालची गळती बघायला त्यांनी तो बॅटरी म्हणून आत नेला आणि नळाखाली उताणा ठेवला. टेबल डुगडुगायला लागलं तेव्हा एका पायाखाली सरकवला. चिमणी किंचाळली.

"अगं, एवढं काय? बारा हजारांचं डबडं ते!" बाबा म्हणाले. "पण काम बघ कसं करतंय! मास्तरांना दाखवलं काल."

"दाखवलं?"

"दाखवलं म्हणजे काय, त्यांनी आज जाऊन घेतलासुद्धा."

चिमणीच्या हातातला चमचा हातातच राहिला.

मास्तर म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे भूगोलाचे निवृत्त शिक्षक, बाबांचे बुद्धिबळातले जोडीदार. त्यांच्याकडे जुन्या नकाशांची कपाटं भरलेली होती. अलीकडे त्यांना त्यातली बारीक अक्षरं दिसेनाशी झाली होती. बाबांच्या फोनने नकाशाचा फोटो काढला, मोठा करून पाहिला, तर खेड्यापाड्यांची नावंही लख्ख! मास्तर कधी नव्हे ते सकाळी दहाला दुकानाच्या दारात उभे राहिले आणि खरोखरचा बारा हजारांचा फोन घेऊन आले.

तिसऱ्या दिवशी ते जिने चढून वर आले. हातात फोन, चेहरा लाल.

"लिफ्टवाले, हे काय आहे?"

बाबांनी पाहिलं. "नकाशा आहे."

"कसला नकाशा? नदी कुठली आणि रस्ता कुठला, सांगा बरं! या फोनात माझी नदी डोंगर चढून पलीकडे उतरलीय!"

"तुमचा हात हलला असेल, मास्तर."

"चाळीस वर्षं फळ्यावर हातानं नकाशे काढलेत मी. माझा हात हलत नाही. तुमच्या शब्दावर घेतला हो मी फोन! दुकानदार तुम्हाला काही देतो की काय?"

हे शेवटचं वाक्य मास्तरांच्या तोंडून निसटलं आणि निसटल्यावर त्यांचं त्यांनाच लागलं. पण बोलून गेलेलं परत घेता येतं थोडंच! ते तसेच खाली गेले. त्या संध्याकाळी बुद्धिबळाचा डाव झाला नाही. पुढच्या संध्याकाळीही नाही. बाबा एकटेच सोंगट्या मांडायचे आणि पुन्हा डब्यात भरायचे.

चिमणीचा जीव टांगणीला लागला. खरं सांगावं, तर बाबा फोन परत करायला निघणार. न सांगावं, तर सतरा वर्षांची दोस्ती बुडणार. लॅबमध्ये त्या नादात तिने एका कवळीला खालचे दात वर बसवले.

एवढ्यात एक बदल मात्र तिच्या ध्यानात आला. बाबा फोन जपायला लागले होते. मऊ फडक्याने पुसायचे, रुमालात गुंडाळून ठेवायचे. 'आली एकदाची अक्कल,' तिला वाटलं आणि तेवढ्यापुरतं हायसं झालं.

शनिवारी ती कामावरून आली, तर बाबा खुर्चीत एक फोन घेऊन बसलेले. कव्हर नव्हतं, पाठ प्लास्टिकची.

"बाबा, हा कुठला?"

"मास्तरांचा. त्यांच्या फोनात काहीतरी दोष निघाला, म्हणून मी माझा त्यांना देऊन टाकला आणि त्यांचा घेतला. सिमकार्डंही बदलली." बाबांनी तिच्याकडे जरा रोखून पाहिलं. "एकच मॉडेल, एकच किंमत. तुला चालेल ना?"

यावर चिमणी काय बोलणार? "चालेल की," ती म्हणाली आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली.

संध्याकाळी बाबांनी आत्याला फोन लावला. डाग परत आला होता. "काय म्हणालास? परत सांग!" हे चिमणीने स्वयंपाकघरात चार वेळा ऐकलं. पाचव्यांदा ऐकवेना, तेव्हा ती चप्पल न घालताच जिना उतरली.

मास्तरांनी दार उघडलं. तिने उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. खोकं, कव्हर, बेचाळीस हजार, आत्याचे कान, काही म्हणून ठेवलं नाही. मास्तर मटकन बसले.

"म्हणजे माझ्या फोनात दोष नव्हताच. आणि मी त्यांना काय काय बोललो, पोरी!"

"मास्तरकाका, तुम्ही फक्त फोन परत करा. कारण काहीही सांगा. पण बाबांना यातलं काही कळता कामा नये."

मास्तर आयुष्यात पहिल्यांदाच खोटं बोलायला निघाले होते. त्यांनी जिन्यात दोनदा पाठ केलं. चिमणीच्या मागोमाग वर येऊन बाबांच्या पुढ्यात फोन धरून ते म्हणाले, "लिफ्टवाले, हा तुमचा तुम्ही घ्या. फार गरम होतो."

"मग बरंच आहे. थंडीचे दिवस आहेत."

"मला नको. माझाच मला बरा."

"मास्तर, दिलेली वस्तू मी परत घेत नाही."

"अहो घ्या!"

"नाही म्हटलं ना!"

मास्तरांनी फोन बाबांच्या सदऱ्याच्या खिशात कोंबला. बाबांनी काढून मास्तरांच्या हातात दिला. मास्तरांनी तो टेबलावर आदळला, बाबांनी ढकलला, तो घसरत घसरत कडेला आला आणि चिमणीने "अगं आई गं!" म्हणत दोन्ही हातांनी झेलला. नेमका त्याच वेळी स्वस्तातला फोन वाजला. बाबांनी घेतला. आत्या होती, आणि मघाचं अर्धवट बोलणं तिला काही स्वस्थ बसू देत नव्हतं.

"अरे, तुझं तोंड मला दिसत नाही!" तिचा आवाज जिनाभर घुमला. "तो बेचाळीस हजारांचा कुठे गेला? लेकीने खोकं बदलून आणलेला?"

मास्तरांनी चिमणीकडे पाहिलं, चिमणीने बाबांकडे, आणि बाबांनी शांतपणे छताकडे.

"बाबा," चिमणी पुटपुटली, "तुम्हाला माहीत होतं?"

"मंगळवारपासून."

"आणि तरी दिलात?"

"माझ्या शब्दावर घेतला होता गं त्यांनी. चूक कुणाची का असेना, शब्द माझाच ना?" बाबांचा आवाज जरा खाली आला. "तुझं मन मोडायचं नव्हतं म्हणून बोललो नाही. मला फसवून तू इतकी खूश दिसत होतीस! लहानपणी लपाछपी खेळताना दिसायचीस, तशी."

चिमणीने चष्मा काढून पुसला. पुसूनही धूसरच दिसत होतं. मग तिने हातातला महागाचा फोन सरळ धरला आणि त्यावरून आत्याला लावला. आत्याचा चेहरा सुरकुती न् सुरकुती दिसावी इतका स्वच्छ उमटला.

"आत्या, तुला कुणी सांगितलं?"

"तूच."

"मी? कधी?"

"पहिल्याच दिवशी. बाबाच्या मागे स्वयंपाकघरात उभी राहून सांगत होतीस की मैत्रिणीला. हळू आवाजात." आत्या खदखदून हसली. "किती स्पष्ट दिसतं गं त्या फोनात! मला वाटलं, त्याला ठाऊकच असेल. म्हणून मी आपलं म्हटलं त्याला, पोरीने एवढे घातलेत, जपून वापर."

आता चौघंही हसत होती, पण फोन कुणाचा हा प्रश्न तसाच राहिला. बाबा दिलेला परत घेईनात आणि मास्तर ठेवून घेईनात. चिमणीचं तर कुणी ऐकतच नव्हतं. शेवटी न्याय केला आत्याने. फोन मास्तरांकडे राहील, रोज संध्याकाळी सहाला बाबा खाली जातील, आणि ती तिथेच दोघांशी बोलेल. "म्हणजे नकाशेही होतील, डावही होईल आणि मला याचं तोंडही दिसेल," ती म्हणाली. एवढ्या मोठ्या आवाजात दिलेल्या निकालावर अपील करायची कुणाची छाती झाली नाही.

अशी त्यांची बैठक सुरू झाली. फोन पुस्तकांच्या चळतीवर पटापुढे उभा. दोन दिवस आत्याने नुसतं पाहिलं. तिसऱ्या दिवशी ती ओरडली, "मास्तर, घोडा नको! उंट काढा, उंट!" मास्तरांनी उंट काढला आणि सतरा वर्षांत पहिल्यांदा बाबा नऊ चालींत हरले.

"ही कुणाची बहीण?" बाबांनी संतापून विचारलं.

मास्तर काहीतरी आभाराचं बोलले. आत्याने मान हलवली. "तुमचं बोलणं नाही हो कळत मला. मिशा आड येतात."

मास्तरांच्या मिशा म्हणजे शाळेतल्या तीन पिढ्यांनी धसका घेतलेल्या मिशा. बाबांनी सोंगट्या डब्यात भरल्या. विषय तिथेच संपला, असं निदान बाबांना वाटलं.

दुसऱ्या संध्याकाळी चिमणी कामावरून जिना चढत होती. मास्तरांचं दार उघडं होतं. आत बाबा पटाशी हनुवटीवर हात ठेवून बसले होते. त्यांच्यासमोरची खुर्ची रिकामी होती. पुस्तकांच्या चळतीपाशी, फोनच्या अगदी समोर, एक अनोळखी गृहस्थ ताठ बसून एकेक शब्द सावकाश, ओठ पुरते उघडून उच्चारत होते. नाकाखालची रुंद पट्टी उन्हच न लागल्यासारखी गोरी दिसत होती. पलीकडून आत्याचं हसू ऐकू येत होतं, आणि तिच्या मानाने ते फारच हळू होतं.

"बाबा," चिमणीने दारातूनच खुणेनं विचारलं, "डाव संपला?"

"छे," बाबा म्हणाले. "चाल त्यांची आहे. पाऊण तास झाला."