पांढऱ्या सुटाचं मोजमाप

उजेड सर्वांवर सारखाच पडतो, पण तो मोजायचा कुठून हे पदानुसार ठरतं. शाळेच्या छायाचित्र समितीने हे एकोणीस वर्षांपूर्वीच ओळखलं आणि ठराव केला: वार्षिक फोटोसाठी उजेडाचे मोजमाप मोठ्या सरांच्या सुटावरून घेण्यात यावे. सूट पांढराशुभ्र होता.

आता कॅमेऱ्यातलं मीटर म्हणजे कमालीचं समतावादी यंत्र. पांढरं दाखवा, करडं करतं. काळं दाखवा, तेही करडंच करतं. त्यामुळे सरांचा सूट दरवर्षी फोटोत मळकट यायचा आणि सर दरवर्षी लॉन्ड्री बदलायचे. (एकोणीस फोटो, एकोणीस लॉन्ड्र्या. यंदाची विसावी लॉन्ड्री सरांनी बसचा प्रवास करून शोधली होती.) त्याच मापाने बाकी मंडळी काळवंडून, भर दुपारचा फोटो असूनही तिन्हीसांजेला उभी केल्यासारखी दिसत. आणि रांगेच्या टोकाला काळ्या गणवेशातल्या, रंगानेही काळ्याभोर घंटेवाल्या मावशी म्हणजे नुसता एक उभा डाग. फोटोखालच्या यादीत त्या जागी ‘झाड’ असं छापलेलं असे. मैदानात झाड नव्हतं, पण ही किरकोळ बाब.

यंदा कॅमेरा नववीतल्या भिंगरीकडे आला, कारण बाकी कोणाला ऊन नको होतं. मावशी त्याच महिन्यात निवृत्त होणार होत्या. म्हणजे झाडाची ही शेवटची संधी. भिंगरीने त्यांना तसं सांगितलं.

“असते की गं मी दरवर्षी,” मावशी म्हणाल्या. “दिसत नाही, एवढंच.”

ते ‘एवढंच’ भिंगरीच्या डोक्यात गेलं. फोटोच्या दिवशी ती कॅमेरा घेऊन थेट मावशींच्या नाकाशी जाऊन भिडली, उजेड त्यांच्या गालावरून मोजला, तो आकडा कॅमेऱ्यात पक्का केला आणि जागेवर परतली. दोनशे बारा जणांदेखत ठरावाचा भंग झाला. समितीच्या बाईंनी विचारलं तेव्हा तिने मावशींच्या गालावर माशी होती असं नोंदवलं.

फोटो आला. मावशी आल्या: कपाळावरच्या आठ्या, पडका दात, सगळ्यासकट हसत. सरांचा सूट मात्र असा पेटला, की खिसे, बटणं, शिवण सारं उजेडात विरघळून वर फक्त चष्मा तरंगत राहिला. भिंगरीने दप्तर भरून ठेवलं (घरी पाठवलंच तर उगाच उशीर नको).

सरांनी फोटो बराच वेळ न्याहाळला.

“चला,” ते म्हणाले, “शेवटी एक लॉन्ड्री धड मिळाली.”

लॉन्ड्रीला प्रशस्तिपत्र देण्यात आलं. यादी जुनीच छापली गेली. ‘झाड’ भिंगरीने प्रत्येक प्रतीवर पेनने खोडलं.

तुमच्याही शाळेचा फोटो घरात असेलच. काढून बघा. आधी स्वतःला शोधाल, ते रीतसरच आहे. मग कडेचं झाड बघा. आणि तुमच्या मैदानात झाड होतं का, तेवढं आठवून सांगा.