जोसेफभाऊचा ताप

मला चार माणसांत उभं केलं ते जोसेफभाऊनं. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही त्याला नुसता वेडा म्हणाल.

रोज सकाळी तो खताच्या ढिगात खुपसलेली लोखंडी सळई उपसायचा, गालाला लावायचा आणि ओरडायचा, "ताप आला! ताप आला!" मग भेटेल त्याच्या हातावर फुटाणे. ढीग आतून तापला म्हणजे कचरा कुजायला लागला, काम जमलं. पण मला हे कोण सांगणार? नववीत शाळा सोडलेला मी, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मालवणाहून नुकताच काम शिकायला आलेलो. ताप आला म्हणून फुटाणे वाटणारी माणसं बघून मी माझे फुटाणे न खाता खिशात टाकले.

जोसेफभाऊ टांझानियाचा. त्याच्या गावच्या बाजारात भाजीचा कचरा साचून डोंगर व्हायचा. त्याचं खत करायला शिकायचं आणि तिकडच्या पोरांना शिकवून कामाला लावायचं, म्हणून तो वर्ध्याजवळच्या आमच्या खत-प्रशिक्षण केंद्रात आलेला. मराठी शिकला ती खतावरच्या मजुरांकडून, म्हणजे अस्सल वऱ्हाडी. माझं मालवणी ऐकून म्हणायचा, "काऊन बे, तुले मराठी येत नाई काय?"

संध्याकाळी मात्र तो ढिगाशेजारी उकिडवा बसून त्याच्याशी स्वाहिलीत गप्पा मारायचा. विचारलं तर म्हणे, "हा उलटून बोलत नाई."

मला पुढे शिकवायच्या कामावर ठेवायचं की घरी पाठवायचं, ते समुद्रपूरच्या बाजारात ठरणार होतं. भाजीवाल्या बायांना ओला-सुका कचरा वेगळा करायला शिकवायचं होतं. मी उभा राहिलो आणि घाबरून तोंडातून निघालं, "मी तुमका सांगतंय..."

"माय वं! हा काय बोलून राह्यला?" बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मी मागे सरकलो.

जोसेफभाऊ पुढे झाला. "मी सांगतो, बाई. पण शब्द इसरलो." माझ्याकडे वळला. "ते लंबं लंबं, माती खाते, त्याले काय म्हणते बे?"

"गांडूळ."

"हां! अन् ते पिलाश्टिक काऊन खात नाई?"

मी सांगितलं. तो पुढचा शब्द विसरला. मी सांगितलं. तो विसरत गेला, मी सांगत गेलो. शेवटी एक आजी म्हणाली, "काळ्या भाऊले काई येत नाई, ह्या पोरालेच बोलू दे!" आणि तिनं टोपलीतल्या पिशव्या वेगळ्या काढल्या.

परतीच्या एसटीत कोणी म्हाताऱ्यानं जोसेफभाऊला विचारलं, काय करता? "गांडुळाचं खत करून राह्यलो, काकाजी. पिलाश्टिक येगळं, पालापाचोळा येगळा." एकही शब्द अडला नाही. मी बघतच राहिलो.

"काऊन पाहून राह्यला बे?" म्हणाला आणि खिडकीबाहेर बघू लागला.

मला कामावर ठेवलं. पुढे जोसेफभाऊ टांझानियाला परत गेला त्या दिवशी स्टँडवर 'जातो' म्हणाला नाही, 'येतो' म्हणाला.

"येजो," माझ्या तोंडून वऱ्हाडी निघालं.

"आली तुले मराठी!" तो एसटीच्या दारातून ओरडला.

त्या संध्याकाळी मी ढिगाशेजारी बसून मालवणीत बोलून पाहिलं. खरंच, ढीग उलटून बोलत नाही. जोसेफभाऊ ते काही कौतुकानं सांगत नव्हता; त्याच्या भाषेत उत्तर देणारं इथं कोणीच नव्हतं.

मी आता स्वाहिली शिकतोय. एक दिवस त्याच्या बाजारात जाणार आहे, आणि त्याच्याच भाषेत त्याला उलटून बोलणार आहे.