ऐकून घेणाऱ्या कुरामोचीबाई

जपानमधल्या तोयामा शहरातल्या एका इस्पितळात तिसऱ्या मजल्यावरच्या इन्चार्ज कुरामोचीबाई दोन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आल्या आणि सोमवारपासून सिस्टरांचं ऐकून घ्यायला लागल्या. नाही तरी वेळ तशीच आली होती. वसंतात दोघी नोकरी सोडून गेल्या होत्या. आणखी एक गेली तर वॉर्डाला टाळं लागेल, असं मेट्रन हिगाशिदेबाईंनी बजावलं होतं. मनुष्यबळ व्यवस्थापन शिकवणाऱ्या सरांनी एकच मंत्र दिला होता: मध्ये बोलू नका, मान डोलवा, आणि समोरची जे म्हणेल तेच शांतपणे परत म्हणा. म्हणजे आपलं कुणीतरी ऐकतंय, असं तिला वाटतं.

पहिली आली इवासे. म्हाताऱ्या पेशंटची नस पहिल्या टोचणीत सापडणारी वॉर्डात ती एकटीच. खुर्चीच्या कडेला टेकून तिने रीतीप्रमाणे सुरुवात केली.

"बाई, माझ्या हातून काही धड होत नाही. तुम्हा सगळ्यांना नुसता त्रास."

यावर काय म्हणायचं, हे तोयामात शेंबड्या पोरालाही कळतं. "अगं, काहीतरीच काय? तू नसतीस तर आमचं कसं झालं असतं?" कुरामोचीबाईंच्या ते अगदी ओठांवर आलं होतं. पण प्रशिक्षण आठवून त्यांनी ते गिळलं आणि मान डोलावली.

"तुझ्या हातून काही धड होत नाही. आम्हा सगळ्यांना नुसता त्रास."

इवासे पांढरीफटक पडली. "म्हणजे... मी इथे नसलेलीच बरी."

"तू इथे नसलेलीच बरी," बाई मायेने म्हणाल्या.

मंगळवारी सकाळी टेबलावर राजीनाम्याचा पांढरा लिफाफा. बाई हादरल्या. आपलंच ऐकणं कमी पडलं असणार, असं ठरवून त्यांनी बाकीच्यांना पंधराऐवजी तीस-तीस मिनिटं दिली. शुक्रवारपर्यंत अकरा लिफाफे जमले. बाराव्या सिस्टरने तर आत येतानाच लिफाफा पुढे केला, बाईंचा वेळ मोडू नये म्हणून.

इंजेक्शनच्या ट्रेमध्ये बारा लिफाफे घेऊन बाई मेट्रनसमोर उभ्या राहिल्या. बावीस वर्षांची नोकरी, पण अशी वेळ कधी आली नव्हती.

"चूक माझी आहे, मेट्रन. इन्चार्ज व्हायची माझी लायकीच नव्हती."

हिगाशिदेबाईंनी सावकाश मान डोलावली. "इन्चार्ज व्हायची तुमची लायकीच नव्हती."

बाईंना भडभडून आलं. रुमाल शोधताना त्यांची नजर मेट्रनच्या टेबलावर गेली. तिथे तीच निळी पुस्तिका होती, प्रशिक्षणात मिळालेली.

"तुम्हीसुद्धा गेला होता?"

"मागच्या महिन्यात." मेट्रन एकदम ओशाळल्या. "चुकलं का हो माझं? मला मेलीला हे नवीन काही जमतच नाही."

"काहीतरीच काय, मेट्रन?" बाईंच्या तोंडून निसटलं. "तुमच्याशिवाय हे इस्पितळ चार दिवस तरी चालेल का?"

मेट्रन महिन्याभरात पहिल्यांदा हसल्या. बाई ट्रे उचलून तशाच तिसऱ्या मजल्यावर धावल्या. आधी इवासेला गाठलं आणि मग एकेकीला, "काहीतरीच काय?" म्हणत प्रत्येकीचा लिफाफा परत दिला. बारा जणींना मिळून सहा मिनिटं लागली. इवासे रडतरडत नस शोधायला गेली आणि तिला ती पहिल्याच टोचणीत सापडली.

राहिला होता प्रशिक्षणाबद्दलचा अभिप्राय. बाईंनी रीतीप्रमाणे लिहून पाठवलं, "प्रशिक्षण उत्तम होतं. माझीच बुद्धी कमी पडली."

आठवड्याने सरांचं सुबक अक्षरातलं उत्तर आलं. "प्रशिक्षण उत्तम होतं. तुमचीच बुद्धी कमी पडली."