कोन्या इहिरीचं पानी?

नवा माणूस भेटला की गुलाबराव मास्तर आधी त्याचं मनगट चाचपत आणि नाव-गाव सोडून विचारत, "कोन्या इहिरीचं पानी पेता?" शाळा तपासायला नागपूरहून आलेल्या साहेबांचंही मनगट त्यांनी सोडलं नाही. मास्तर वैद्यकी करत असतील असं वाटून साहेबांनी जीभही दाखवली.

अमरावतीच्या आमच्या शाळेत ते रसायन शिकवत, मी मराठी. जिवंत हाड एकसारखं बदलत असतं, पाण्यातून रक्तात आलेले क्षार आत घेतं, आपल्यातला चुना बाहेर देतं, असं त्यांनी लंडनहून येणाऱ्या कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. तेव्हापासून "हाड म्हनजे दगड नोहे बापू, बजार हाये" हे न्हाव्यापासून हेडमास्तरांपर्यंत सगळ्यांना ऐकून झालं होतं. बकऱ्याची बरगडी तेजाबात ठेवून ते ती वेतासारखी वाकवून दाखवत. त्या बरगडीपायी दोन घरमालकांनी त्यांना बिऱ्हाड हलवायला लावलं.

त्यांची बायको यमुनाबाई अकोल्याकडच्या खारपाण पट्ट्यातली. तिकडच्या विहिरी खाऱ्या, त्या पाण्यात डाळ शिजत नाही. तरी अमरावतीचं गोड पाणी तिला कधी रुचलं नाही. तुमचं गाव बेचव आहे, म्हणे. मास्तर तिचं मनगट धरून सांगत, की अजून माहेर बरंच शिल्लक आहे.

ती तापानं गेली. तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा केल्यावर भाऊबंद म्हणाले, कौंडण्यपूरला वर्धा नदीत सोडू. तीर्थ आहे, जवळही आहे. मास्तर मडकं मांडीवर घेऊन बसले, देईनात. थोरल्या भावानं आधी समजावलं, मग झापलं. मास्तर माझ्याकडे वळले.

"नऊ वर्सं माह्या घरचं पानी पेली ते. किती माही झाली असंन, गुरुजी?"

मला रसायन येत नाही. मग तेच म्हणाले, "हाड लई सावकाश बदलते. तिकडचीच जास्त असंन. तिकडंच नेतो."

आम्ही दोघं पॅसेंजरनं अकोल्याला आणि तिथून छकड्यानं पूर्णेवर गेलो. अस्थी सोडून झाल्यावर सासुरवाडीत त्यांनी विहिरीचं पाणी मागितलं. पहिल्याच घोटाला तोंड वाकडं झालं. पाहुण्यांसाठी गोडं पाणी भरून ठेवलंय, ते घ्या, असं सासू म्हणत राहिली. मास्तरांनी त्याच पाण्याचा दुसरा तांब्या मागितला.

त्या उन्हाळ्यात त्यांनी अमरावती सोडली आणि ते सासुरवाडीच्याच शाळेत पोरांना बाराखडी शिकवू लागले. मी भेटायला गेलो की स्वतःचं मनगट पुढे करत. मी थट्टेनं म्हणे, अजून अमरावतीच आहे. ते हसत नसत. "टाइम लागते," एवढंच म्हणत.

गेल्या महिन्यात तार आली. मूलबाळ नव्हतं, भाऊबंद फिरकले नाहीत, म्हणून तिसऱ्या दिवशी राखेतून वेचायला मीच बसलो. हाडं पांढरी होती, फार हलकी. पूर्णेच्या पाण्यात मडकं कलतं करण्याआधी मी बराच वेळ त्यांच्याकडे पाहत उभा होतो. तिथल्या विहिरीचा खार हाडांत किती उतरला होता, हे मला सांगू शकेल असा माणूस एकच होता.